धडक आपल्याकडून झाली, तर खिशातून किती जातात?

बरेच जण शिफ्ट संपवून थेट इथे आलात, म्हणून मीही थेट मुद्द्यावर येतो. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी काय गर्दी असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या. अशा रांगेत ब्रेकवर पाय जरा उशिरा पडला आणि तुम्ही पुढच्या गाडीला ठोकलं. चूक सरळसरळ तुमची. मग विमा किती देणार?

नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच नाही. आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो, तो असेल तर ‘ओन डॅमेज’खाली पैसे मिळतात, चूक तुमची असली तरी. दारू पिऊन चालवली किंवा लायसन्सच नव्हतं, तर गोष्ट वेगळी. आणि उलटंही लक्षात घ्या: चूक समोरच्याची असली, पण क्लेम तुमच्या पॉलिसीवर केलात, तरी डिडक्टिबल कापलं जातंच. तो चुकीचा दंड नाही. प्रत्येक नुकसानीतला पहिला ठरलेला हिस्सा मालकाने सोसायचा, एवढाच त्याचा अर्थ.

सक्तीचं डिडक्टिबल १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला १,००० रुपये, त्यावरच्या कारला २,०००. हे दर क्लेमला. दाराला दिवाळीत पडलेला पोचा आणि आजचा बंपर एकाच बिलात घालायला बघाल, तर त्या दोन घटना धरतात आणि कपातही दोनदा होते.

दुसरं ऐच्छिक. ‘माझे आणखी ५,००० कापा, पण प्रीमियम कमी करा’ असं आपणच सांगायचं. जुन्या मोटर टॅरिफमध्ये ५,००० ला ओन डॅमेज प्रीमियमवर २५ टक्के सूट होती, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये. आता सूट कंपनीगणिक बदलते. रोज मोशी-चाकण करणाऱ्याने हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑनलाइन पॉलिसी घेताना स्वस्त दिसते म्हणून मुलं तिथे टिक करतात आणि वडिलांना ते गॅरेजमध्ये कळतं!

आता बिल मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत. गाडी १,२०० सीसीची, साडेतीन वर्षांची. बंपर आणि प्लास्टिकचे भाग १२,०००, बॉनेट १०,०००, पेंट ८,०००, मजुरी ४,०००. एकूण ३४,०००. डिडक्टिबलच्या आधी घसारा येतो. प्लास्टिकवर ५० टक्के, म्हणजे ६,००० गेले. भोसरीत मोल्डिंगवर काम करणाऱ्यांना माहीतच आहे की बंपर प्लास्टिकचा असतो, आणि पहिला मार त्यालाच बसतो. पत्र्यावर या वयाला २५ टक्के, २,५०० गेले. पेंटच्या बिलाचा चौथा हिस्सा साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, १,०००. उरले २४,५००. त्यातून १,००० डिडक्टिबल. हातात २३,५००, खिशातून १०,५००. म्हणजे भांडण डिडक्टिबलवरून होतं, पण मोठी रक्कम घसाऱ्यात जाते. ‘झिरो डेप’ घेतलेला असेल तर हा घसारा वाचतो, सक्तीचं डिडक्टिबल मात्र त्यातही भरावंच लागतं.

आणि तिसरा खर्च बिलावर दिसतच नाही: नो क्लेम बोनस. तीन वर्षं क्लेम नसेल तर ३५ टक्के मिळतो, पुढे ४५, मग ५०. एक क्लेम केला की नूतनीकरणाला शून्य, मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढायचं. आपल्या उदाहरणात पाच वर्षांतला फरक बेरजेने १२० टक्के होतो. ओन डॅमेज प्रीमियम ८,००० धरला तर ९,६०० रुपये. दरवर्षी गाडीची किंमत उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. २३,५०० मिळत असतील तर क्लेम जरूर करा. पण नुसता बंपर, ११,००० चं काम, कपात जाऊन ६,५०० मिळणार असतील, तर स्वतः करून घेतलेलं बरं.

एकाने विचारलं की, पुढच्या गाडीवाल्याला चौकातच पैसे देऊन मिटवलं तर? बहुतेक वेळा तो स्वतःच्या पॉलिसीवर दुरुस्ती करतो आणि तुमच्याकडे त्याचं डिडक्टिबल, फार तर घसारा मागतो. रक्कम त्या हिशोबाने बघा, उगाच दहा हजार मोजू नका. मात्र तुमच्या पॉलिसीत एक अट असते: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. त्यामुळे मोठं नुकसान असेल तर आधी कंपनीला फोन. त्याच्या गाडीची भरपाई तुमच्या थर्ड पार्टी विम्यातून साडेसात लाखांपर्यंत मिळू शकते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं.

कुणाला लागलं असेल, तर चौकात काहीही मिटवायचं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे आधी उपचार, मग २४ तासांच्या आत पोलिसांना खबर, आणि विमा कंपनीलाही कळवायचं. जखमीच्या भरपाईत तुमच्या खिशातून डिडक्टिबल जात नाही.