रेस वाढवली की होडी सुटते?

आउटबोर्ड मोटरबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे पाणी खवळलं की रेस वाढवायची. इंजिनाची ताकद होडीला मिळते ती पंखा पाणी धरेल तेवढीच. लाटेच्या माथ्यावर होडीची मागची बाजू उचलली गेली किंवा वळण झटक्यात घेतलं, की पंखा वरची हवा ओढतो. आवाज चढतो, आरपीएम उसळतात आणि होडी जागच्या जागी रेंगाळते. अशा वेळी आणखी रेस देणं म्हणजे नुसता फेस घुसळणं. रेस उतरवावी, पंख्याला पाणी सापडू द्यावं, मग हळूहळू वाढवावी. हे वारंवार होत असेल, तर इंजिन बहुधा फार वर बसवलेलं असतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी साधारण होडीच्या तळाच्या पातळीत हवी. इथे जास्त हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन काही साधत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना ताकद लागतेच, असा आक्षेप येईल. लागते, पण हाताशी राखलेली. आत येताना लाटेच्या पाठीवर, तिच्याच वेगाने राहायचं असतं. माथा ओलांडला तर होडीचं नाक खळग्यात घुसून ती आडवी फिरू शकते. मागे पडलात तर पुढची लाट गाठते. ओहोटीचा प्रवाह लाटांना सामोरा आला की त्या अधिक उभ्या होतात, तेव्हा बाहेरच थांबून भरतीची वाट पाहणं शहाणपणाचं.

उथळ पाण्यात इंजिन उचललं की झालं, हेही अर्धसत्य. थंडाव्याचं पाणी खालच्या भागातल्या छिद्रांतून आत जातं; ती बुडालेली नसतील, तर पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरून लवकरच खराब होतो. म्हणून गती मंद ठेवावी आणि मागून पडणाऱ्या धारेवर नजर ठेवावी. अर्थात धार दिसली म्हणजे पंप चालू आहे एवढंच कळतं. थर्मोस्टॅट अडकल्याचं किंवा आत मीठ साचल्याचं ती सांगत नाही. मीठ साचू नये म्हणून समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन आतून धुवावं लागतं. फक्त तलावात चालणाऱ्या इंजिनाला मिठाचा त्रास नाही, पण इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा, समुद्रासाठीचा जस्ताचा अॅनोड तिथे कवच धरून निकामी होतो. तिथे मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा लावावा, आणि कुठल्याही अॅनोडवर रंग चढवू नये.