नाकातला भुंगा

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा. नाडी सापडली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. नीट लक्ष दिलंत तर एक गंमत कळेल: श्वास आत येताना ठोके जवळजवळ पडतात, बाहेर जाताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुण माणसात हा फरक चटकन कळतो, वयाबरोबर तो कमी होत जातो. निरोगी हृदय एका ठेक्यात चालतच नाही.

यामागे व्हेगस नावाची नस आहे. मेंदूच्या तळापासून निघून ती मानेतून छातीत आणि तिथून पार पोटापर्यंत उतरते. उच्छ्वासाच्या वेळी हृदयावरचा तिचा लगाम थोडा आवळतो, श्वास घेताना सैलावतो. हृदयाला आपण थेट हुकूम देऊ शकत नाही, श्वासाला मात्र देऊ शकतो. योगाभ्यासाची बरीचशी करामत या एका फटीतून आत शिरते.

आता आपली कामातली सुट्टी बघा. मोठ्या पडद्यावरून उठायचं आणि चहा येईस्तोवर छोट्या पडद्यात डोकं घालायचं! मान वाकलेलीच, जवळचं पाहणारे डोळ्यांचे स्नायू आवळलेलेच, पापण्या लवायच्या विसरलेल्या. शरीराच्या लेखी काम थांबलेलंच नसतं.

त्यापेक्षा दोन मिनिटं भ्रामरी करावी. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले, खांदे सैल. नाकाने श्वास घ्यायचा आणि सोडताना भुंग्यासारखा गुंजारव करायचा. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत हिची गणना आठ कुंभकांत, म्हणजे प्राणायामांत, होते. गंमत म्हणजे या गुणगुणण्यामुळे नाकात काय होतं ते कळलं थेट स्वीडनमध्ये. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी 2002 मध्ये दाखवलं, की गुणगुणत श्वास सोडला तर नाकातून बाहेर पडणारा नायट्रिक ऑक्साइड साध्या उच्छ्वासापेक्षा सुमारे पंधरापट होतो. हा वायू मोटारींच्या धुरातही असतो, पण आपल्या शरीरात तो रक्तवाहिन्या सैल करायचं काम करतो. त्याच्या या कामाच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत हा वायू सतत तयार होत असतो. एरवी तिथली हवा फारशी हलत नाही. आवाजाच्या कंपनाने ती ढवळली जाते आणि वायू बाहेर येतो.

शिवाय गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, मग एक योगमंत्रही. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तल्लख झाली. रक्तदाबात मुळातच दर दहा सेकंदांनी एक हलकी लाट येत असते, आणि मिनिटाला सहा श्वास म्हणजेही दहा सेकंदांना एक. दोन वेगळ्या परंपरांना ही लय नेमकी सापडावी, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

योग असा यंत्राने मोजून बघण्याचं वेड आपल्याकडे जुनं आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्या निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचं, माधवदासांचं, नाव दिलं! आयुष मंत्रालयाने नोकरदारांसाठी आखलेल्या पाच मिनिटांच्या ‘वाय-ब्रेक’मध्येही ताडासन, कटिचक्रासन वगैरेंनंतर भ्रामरी आहेच.

कचेरीत गुणगुणायचं म्हणजे शेजारचे माना वळवणार, हे खरं. जिन्यात जा किंवा गच्चीवर. पाच-सहा आवर्तनं पुरेत. श्वास कोंडू नका, गरगरलं तर लगेच थांबा. नाक चोंदलेलं असेल त्या दिवशी नुसते हात वर ताणून ताडासन करा, आणि फोन तेवढा टेबलावरच ठेवून जा.