दाब, धारा आणि गिझरचे गणित

विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, आणि विद्युतधारा, म्हणजे तारेतून वाहणारा करंट, या दोन राशी ठाऊक असल्या की उपकरणाचा रोध आणि त्याची शक्ती काढता येते. गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने 1827 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या नियमानुसार, तापमान स्थिर असताना दाबाला धारेने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. आणि दाबाला धारेने गुणले की शक्ती, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा, वॅटमध्ये मिळते.

230 व्होल्टवर 2000 वॅटचा गिझर सुमारे 8.7 अँपिअर धारा घेतो, म्हणून त्याच्या कॉइलचा रोध साधारण 26.4 ओहम भरतो. दाब 180 व्होल्टपर्यंत उतरला, तरी रोध जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे धाराही 6.8 अँपिअरवर येते आणि शक्ती जेमतेम 1225 वॅट उरते. दाब पाचव्या हिश्श्याहून थोडाच अधिक घटला असताना उष्णता मात्र जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कमी दाबाच्या गावांत पाणी तापायला एवढा वेळ का लागतो, याचे खरे उत्तर येथे आहे.

हे साधे गणित प्रत्येक उपकरणाला जसेच्या तसे लागू पडत नाही: पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध कित्येक पटींनी कमी असतो, आणि मोटरच्या बाबतीत नुसता गुणाकार पुरत नाही, तेथे पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीचा वाटा, हाही विचारात घ्यावा लागतो. गिझरपुरते मात्र हे गणित पुरते: त्याची 8.7 अँपिअर धारा 6 अँपिअरच्या सॉकेटला झेपणारी नाही. त्यासाठी 16 अँपिअरचेच सॉकेट बसवून घ्यावे.