काशीचा निर्णय आणि मराठी विवाह

पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा या लगतच्या घाटांच्या आश्रयाने काशीक्षेत्री जी मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, आणि जिच्या वैभवाची साक्ष ब्रह्मा घाटावरील नाना फडणविसांच्या नावाचा वाडा देतो, तिच्याकडे पाहिल्यावाचून मराठी विवाहाचा इतिहास पुरा होत नाही; कारण महाराष्ट्रात लग्ने लागत, परंतु त्यांविषयीचे वादग्रस्त प्रश्न निर्णयासाठी काशीच्या पंडितांपुढे जात.

या परंपरेचे अग्रणी पैठणहून काशीस आलेले भट्ट घराणे होय. नारायणभट्टांच्या ‘प्रयोगरत्ना’ने संस्कारांचा विधी बांधून दिला; त्यांचे नातू कमलाकरभट्ट यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ सिद्ध केला; आणि १७९० मध्ये पंढरपुरी काशीनाथ उपाध्यायांनी ‘धर्मसिंधु’ रचला, तेव्हा त्याचा मोठा आधार हाच ग्रंथ होता. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ च्या मे महिन्यात, राज्याभिषेकापूर्वी, शिवछत्रपतींची मुंज करून त्यांचे विवाह पुन्हा समंत्रक लावले. विवाहाचा विधी हा राजाच्या अधिकाराचाही पाया मानला जात होता, हे त्यावरून उघड दिसते.

हे निबंधकार केवळ वचने जुळवीत बसले नाहीत. शास्त्र आणि देशाचार यांचे तारतम्य त्यांना पाहावे लागे. मामाच्या मुलीशी विवाह दक्षिणेत रूढ, तर उत्तरेत निषिद्ध. असा पेच दोन्हीकडच्या माणसांची वस्ती असलेल्या काशीत पुनःपुन्हा उभा राहणे स्वाभाविक होते.

पुढे निर्णयाचा अधिकार शास्त्र्यांकडून सरकारकडे गेला. १९२९ च्या सारडा कायद्याने वधूचे वय किमान १४ आणि वराचे १८ ठरविले. १९४६ मध्ये सगोत्र विवाहाची आडकाठी दूर झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्याची, म्हणजे विवाहास निषिद्ध अशा रक्तसंबंधाची, मर्यादा पित्याकडून सात पिढ्यांवरून पाचवर आणि मातेकडून पाचवरून तीनवर आणली, रूढीस मात्र सवलत ठेवली. आणि १९७८ मध्ये वयोमर्यादा १८ व २१ झाली. तरीही जेथे सप्तपदीची चाल आहे तेथे सातव्या पावलाबरोबर विवाह पूर्ण होतो, हे तत्त्व त्याच १९५५ च्या कायद्याने कायम राखले.

काशीत जन्मलेली मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मीबाई झाली, तेव्हा तिची संमती हा विधीचा विषय नव्हता. आज अंतरपाट दूर होतो तो दोन सज्ञान व्यक्तींमधून. मंत्र बहुतांशी तेच राहिले, पण वधू ही दानाचा विषय न राहता स्वतः निर्णय करणारी झाली, हा या चार शतकांतील सर्वांत मोठा पालट आहे, आणि तो निःसंशय इष्ट आहे. रूढीपुढे विचार करून निर्णय देण्याची जी रीत भट्ट घराण्याने घालून दिली, तिच्याशी तो विसंगतही नाही.

ग्रंथ आणि कायदे नियम सांगतात. नांदलेली माणसे मात्र घरोघरच्या लग्नयाद्यांत, पत्रांत आणि हिशेबवह्यांत सापडतात. काशीतील अथवा महाराष्ट्रातील ज्या कुटुंबांपाशी असे दफ्तर असेल, त्यांनी ते रद्दीत न घालता अभ्यासकांच्या हाती द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.