नॅनो कण किती विषारी? संगणकाचं उत्तर कुठवर धरायचं

शिरूर आणि दौंडच्या उसाच्या, कांद्याच्या पट्ट्यात युरियाच्या गोणीला आता नॅनो युरियाच्या बाटलीची जोड मिळाली आहे. हे बारीक कण अंगाला, मातीला, भीमा-घोडच्या पाण्याला बाधतील का, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञ संगणकाची मदत घेतात. त्याविषयी गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज 1 : नॅनो म्हणजे जहाल रसायन.

वस्तुस्थिती : नॅनो हे मापाचं नाव आहे. साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणांना नॅनो कण म्हणतात. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर मावतात. इफ्कोने 2021 मध्ये आणलेल्या नॅनो युरियात 4 टक्के नत्र होतं. म्हणजे 500 मिलिलिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम, तर 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो. पण ‘युरियाच तर आहे’ म्हणून बेफिकीर राहणंही चूक. कण लहान झाला की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो आणि वागणूक बदलू शकते.

गैरसमज 2 : संगणक नुसता अंदाज ठोकतो.

वस्तुस्थिती : आधी प्रयोग होतात, मग गणित. पोलंडच्या ग्दान्स्क विद्यापीठातील टोमाश पुझिन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 17 धातू-ऑक्साइडांचे नॅनो कण ई-कोलाय जिवाणूंवर तपासले. कणातून धातूचा आयन (विद्युतभारित अणू) सुटायला किती ऊर्जा लागते, याच्याशी संबंधित एकाच गुणधर्मावरून विषारीपणा बऱ्यापैकी सांगता येतो, असं त्यांना आढळलं. झिंक ऑक्साइड जिवाणूंना फार घातक ठरलं, टायटॅनियम डायऑक्साइड त्यामानाने सौम्य. काही ऑक्साइड मुद्दाम बाजूला ठेवून त्यांच्यावर या गणिती सूत्राची, म्हणजे मॉडेलची, परीक्षाही घेतली गेली.

गैरसमज 3 : एक मॉडेल सगळ्या कणांना चालतं.

वस्तुस्थिती : मॉडेल ज्या जातीच्या कणांवर घडलं, त्यांच्यापुरतंच ते बोलू शकतं. धातू-ऑक्साइडांचं वरचं सूत्र नॅनो युरियाला लावताच येत नाही. जिवाणूंवरचा निष्कर्ष माणसाच्या फुफ्फुसाला किंवा गांडुळाला तसाच चिकटवता येत नाही. मॉडेलची ही हद्द स्पष्ट सांगितलेली असावी, हे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2004 च्या तत्त्वांमध्येच नमूद आहे.

गैरसमज 4 : पदार्थ तोच, तर परिणामही सगळीकडे तोच.

वस्तुस्थिती : आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्ताची कमतरता नेहमीची, म्हणून झिंक ऑक्साइडचंच उदाहरण घेऊ. आम्लात ते झपाट्याने विरघळून जस्ताचे आयन सोडतं. विम्लधर्मी जमिनीत फार कमी विरघळतं. श्वासातून गेलेला कण पेशीतल्या आम्लधर्मी पिशवीत पोचला, तर तिथे मात्र चटकन विरघळतो. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ शकतात. कणावरचं आवरण बदललं तरी हिशेब बदलतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यावर बेतलेलं उत्तर शिवारात आणताना इथलं पाणी आणि माती लक्षात घ्यावीच लागते.

गैरसमज 5 : संगणकाने निर्धोक ठरवलं की चाचणी नको.

वस्तुस्थिती : संगणकाचा खरा उपयोग चाळणीचा. शेकडो कणांतून आधी कोणते तपासायचे, हे तो सुचवतो; वेळ, पैसा आणि प्रयोगातले प्राणी वाचतात. अंतिम निकाल चाचणीनेच लागतो. नॅनो कृषी-निविष्ठा कशा तपासाव्यात, यासाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. शिवाय धोका विषारीपणावर जसा अवलंबून असतो, तसाच कण अंगात किती जातो यावरही असतो. ते प्रमाण कमी ठेवणं बरंचसं आपल्या हातात आहे: फवारताना तोंडाला मास्क, हातात मोजे, वारा येतो त्या दिशेला पाठ, लेबलवर लिहिलं तेवढंच प्रमाण, आणि पंप धुतलेलं पाणी ओढ्यात किंवा कालव्यात न सोडणं.

‘निर्धोक आहे’ असं कुणी सांगितलं, तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात: कोणता कण तपासला, कुठल्या पाण्यात-मातीत, आणि कोणत्या जिवावर? या तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच त्या शब्दावर विसंबावं.