पार्ट बदलूनही गाडीच्या खालचा 'कट्ट' आवाज जात नाही? मग एकदा सबफ्रेम तपासून घ्या

गाडी दहा-पंधरा वर्षं जुनी आहे. ब्रेक दाबला की पायाखाली 'कट्ट' असा एकच आवाज येतो. गॅरेजवाला लिंक रॉड बदलतो, आवाज तसाच. मग लोअर आर्म बदलतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला स्टिअरिंग रॅकचा खर्च सांगितला जातो.

हे पार्ट खरंच खराब असू शकतात. पण ते ज्या लोखंडी चौकटीवर बसलेत ती चौकटच हलत असेल तर?

या चौकटीला म्हणतात सबफ्रेम. काही गॅरेजमध्ये तिला क्रॉस मेंबर म्हणतात. ती इंजिनाखाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये असते. लोअर आर्म तिच्यावरच बसतात, बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग रॅक आणि इंजिनाचं एक माउंटिंगसुद्धा. ही चौकट मोजक्या जाड बोल्टांनी गाडीच्या बॉडीला धरलेली असते, आणि त्या जागा म्हणजे तिचे माउंट. काही गाड्यांत तिथे मध्ये रबरी बुश असतो, काहींत लोखंडावर लोखंड. त्यामुळे बिघाडही दोन प्रकारचे. एकतर रबर फाटतं, नाहीतर पत्रा गंजतो.

गंज का लागतो, तर या कोपऱ्यांत चिखल साचतो आणि लवकर वाळत नाही. सबफ्रेम बऱ्याचदा आतून पोकळ असते, म्हणजे बाहेरून रंग ठीक दिसतो आणि आतून पत्रा संपत आलेला असतो. 2014 साली अमेरिकेत फोर्डने 2001 ते 2004 या मॉडेल वर्षांच्या एस्केप गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. बर्फ वितळवायला ज्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे सबफ्रेम गंजून लोअर आर्म सुटण्याचा धोका होता. मुंबईत, रत्नागिरीत, मालवणात रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही, पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून तेच काम हळूहळू करतात.

मग ओळखायचं कसं?

आवाजापासून सुरुवात करा. खराब रस्त्यावर 'खडखड' असा सलग आवाज येत असेल तर संशय आधी लिंक रॉडवर घ्यावा. सबफ्रेमचा आवाज बहुतेक वेळा एकच आणि जड असतो. ब्रेक लावताना एकदा, गाडी उचलताना एकदा. फाटलेलं इंजिन माउंटिंगही असाच आवाज देतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये. त्यापेक्षा भरवशाची खूण स्टिअरिंगमध्ये सापडते. अलाइनमेंट करून आणलं आणि एका जोरदार ब्रेकनंतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग पुन्हा वाकडं झालं, तर खाली काहीतरी जागेवरून सरकतंय हे नक्की.

पुढची तपासणी लिफ्टवर. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही.

आधी बोल्टच्या डोक्याभोवती बघा. चौकट हलत असेल तर वॉशरच्या कडेला धातू घासून चंद्रकोरीसारखी चकचकीत रेघ उमटलेली असते. जोडातून तांबूस पूड किंवा ओघळ येत असेल तर तीही खूण. खात्री होत नसेल तर मार्करने चौकट आणि बॉडी या दोन्हींवरून जाणारी एकच आडवी रेघ मारायची आणि आठवडाभर गाडी चालवायची. रेघ तुटलेली दिसली की चौकट सरकली. वीस-तीस रुपयांच्या मार्करचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

मग टॉमी लावून चौकट हलवून बघायची. रबर किंचित दबणारच, ते चालतं. 'टक्' असा आवाज आला किंवा फट उघडली तर बुश गेला. शेवटी छोट्या हातोडीने ठोकून बघायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे पडतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत घुसलं तर विषयच संपला. बॉडीच्या बाजूची, बोल्ट शिरतो ती जागाही अशीच तपासा.

जुनी गाडी विकत घेताना खालून ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूश होऊ नका. गंजावरच मारलेलं कोटिंग ओल आत कोंडून ठेवतं आणि भोकंही लपवतं.

खर्चाचं म्हणाल तर बुश बदलता येतो, सबफ्रेमही बदलता येते. अवघड होतं ते बोल्ट निघत नाही तेव्हा. गंजलेला बोल्ट तुटतो, किंवा बॉडीच्या आत वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर गरागरा फिरतो आणि पत्रा कापावा लागतो. म्हणून आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगा आणि मजुरी आधीच ठरवून घ्या. काम झाल्यावर बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळायचे आणि अलाइनमेंट पुन्हा करून घ्यायचं.

लोअर आर्म जिथे बसतो त्या जागेजवळ भोक पडलेलं असेल, तर मात्र गाडी घरापर्यंतही चालवत नेऊ नका, टोच करून न्या.