चारायंत्रांची ओळख (लेखांक पाचवा) : गासडीचे गुणधर्म

गेल्या लेखांकात पात्याच्या धारेचा विचार झाला. आता ती धार ज्या जिनसेवर चालावयाची, तिच्याकडे वळणे प्राप्त आहे.

कर्जत-जामखेडकडची रब्बी ज्वारी निघाली की तिचा कडबा पेंढ्या बांधून गंजीस लागतो, आणि आपले कुट्टीयंत्र मुळात त्या पेंढीच्या मापानेच घडले आहे : सारी ताटे एका दिशेस, बुडखे एकीकडे, शेंडे दुसरीकडे, दातेरी रुळांनी ती आत ओढावी आणि चाकावरील पात्यांनी आडवी छाटावी. परंतु 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत, तिकडे जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या तेव्हा, चारा दूरवरून आणण्याची तजवीज करणे भाग पडले. आणि सुटा चारा वाहणे म्हणजे बहुतांशी हवेचेच भाडे भरणे असल्यामुळे, दाबून बांधलेल्या गासडीचे महत्त्व अशा वेळी सहज ध्यानी येते.

सुट्या पेंढ्याचे वजन घनमीटरास सुमारे 40-50 किलो, तर लहान चौकोनी गासडीत तेच 100 ते 150 किलोंपर्यंत चढते. आता हिशेब पाहा. दोन पाती, मिनिटास 600 फेरे आणि तुकडा 2 सेंटिमीटरांचा हवा, तर चारा मिनिटास 24 मीटर सरकला पाहिजे. यंत्राचे तोंड 20 सेंटिमीटर रुंद व 5 सेंटिमीटर उंच धरल्यास, रुळांचा दाब क्षणभर बाजूस ठेवून, घनमीटरास 50 किलोंचा चारा मिनिटास 12 किलो कापला जाईल. 120 किलोंच्या गासडीचा थर तसाच सारला तर जवळजवळ 29 किलो. मोटार तीच, पाती तीच, भार मात्र सुमारे अडीचपट! मोटार जळाली की दोष विजेच्या दाबाला देण्याचा प्रघात आहे. तो दरवेळी खरा नसतो.

घनतेहूनही अवघड गोष्ट रचनेची. गासडी बांधणाऱ्या यंत्राचा (बेलरचा) दट्ट्या ठोके देत थरावर थर बसवितो, त्यात काड्या दुमडतात व एकमेकींत गुंततात. पात्याला आडवी आलेली काडी कापली जाते. पात्यास समांतर पडलेली तशीच लांब निसटते आणि पुढे गव्हाणीत जनावर ती नाकाने बाजूस सारते. म्हणून गासडीसाठी यंत्र रचणाऱ्याने आधी थर सोडविणारा दातेरी ढोल योजावा आणि मग पात्याकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आर्द्रतेची परीक्षा करताना नमुना गासडीच्या गाभ्यातून घ्यावा. वरची साल उन्हाने वाळलेली असते आणि तेवढ्यावर विसंबणे म्हणजे गफलत. साठवणीच्या कोरड्या गासडीत पाणी शेकडा 15 च्या आत असावे. कोरडी काडी ठिसूळपणे तुटते. ओलसर काडी वाकते, पात्याखाली दबून ताणली जाते आणि पत्र्याशी तिचे घर्षणही वाढते, त्यामुळे कोरड्या चाऱ्यास पुरेसा असलेला, कुट्टी बाहेर टाकणाऱ्या नळीचा उतार तिला पुरत नाही. अकोले तालुक्याकडच्या भाताच्या पेंढ्यात सिलिका पुष्कळ, म्हणून तेथे धार लवकर बोथट होते. राहुरीच्या कृषि विद्यापीठाच्या फुले वसुधा, फुले रेवती यांसारख्या ज्वारीच्या वाणांचा कडबाही सरसकट एकच न मानता, ताटाची जाडी व पेऱ्याचा कठीणपणा वाणागणिक मोजलेला बरा.

राहता राहिली दोरी. प्लास्टिकची असेल तर ती रुळाच्या दांड्यावर गुंडाळत जाऊन धारव्यापर्यंत (बेअरिंगपर्यंत) पोहोचते, आणि तिचा तुकडा चाऱ्यात मिसळला तर जनावराच्या पोटात जातो. तेव्हा गासडी तोंडाशी नेण्यापूर्वी दोऱ्या कापून, मोजून वेगळ्या ठेवाव्यात.